सांध्यातली जागा

निकाल आला तेव्हा मी शिरूरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. पीडीएफ उघडेना, म्हणून गर्दीतून बाहेर पडून रसवंतीच्या बाजूला गेले. पियानोची आठवी ग्रेड. पास व्हायला तीन गुण कमी पडले होते.

प्रत्येक पीसखाली परीक्षकांचा शेरा होता. पहिल्या दोनांबद्दल बरं लिहिलं होतं. तिसरा पीस माझा सगळ्यात लाडका. त्यावर मी आठ महिने घातले होते. त्याखालच्या इंग्रजी ओळींचा अर्थ एवढाच होता: वाजवण्यात भावना आहे, पण लय सुटलेली आहे. मूळ ताल कोणता, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

गाडी आली. मी चढले नाही. पप्पांनी ओव्हरटाइम करून फी भरली होती आणि आता घरी जाऊन त्यांना काय सांगायचं, याचा विचार करत मी अर्धा तास तिथेच उभी राहिले.

*

शिरूरसारख्या गावात पियानो आला कुठून, असं लोक मला विचारतात. आमच्याकडे तो शिरूरमध्ये नाही, दौंडमध्ये आला.

मी सहावीपर्यंत दौंडला आजी-आबांकडे वाढले. पप्पा-मम्मी दोघंही रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टमध्ये होते आणि मला बघायला घरात कुणी नव्हतं. आबा रेल्वेत कीमन. दौंड हे मोठं जंक्शन. मुंबई-सोलापूर लाइन इथून जाते, एक फाटा मनमाडकडे, एक बारामतीकडे. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. त्या वेळात प्रवासी खाली उतरून चहा प्यायचे. गाडी उलट्या तोंडानं निघाली की नवखे लोक घाबरायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

इंग्रजांच्या काळापासून दौंडला अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशी कामं करणारी. माझ्या लहानपणी बहुतेक जण निघून गेले होते, पुष्कळसे ऑस्ट्रेलियाला. उरलेल्यांपैकी एक म्हाताऱ्या बाई आमच्या क्वार्टर्सपासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. सगळे त्यांना मिस म्हणायचे. त्यांच्याकडे भिंतीला टेकवलेला जुना उभा पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या तीन-चार पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत, बोटांनी उचलाव्या लागायच्या. पेडल दाबून धरलं आणि शेजारून मालगाडी गेली की आतल्या तारा आपोआप घुमायच्या. मी पहिल्यांदा पियानोच्या प्रेमात पडले ती त्या घुमण्यामुळे. शोपाँ नंतर आला.

मिस हाताच्या पाठीवर एक रुपयाचं नाणं ठेवून वाजवायला लावायच्या. नाणं पडलं की परत पहिल्यापासून. फी म्हणून आजी त्यांना कधी ज्वारीचं पीठ, कधी केडगावकडचा गूळ पाठवायची. मी शिरूरला आले त्यानंतर दोन वर्षांनी मिस मुलीकडे पर्थला गेल्या. पियानो कुणी घेतला कळलं नाही. जाताना त्यांनी माझ्यासाठी आबांकडे एक पिवळं पडलेलं पुस्तक ठेवलं. शोपाँचे माझुर्का.

मग शिरूरला आधी कॅसिओ, आणि बारावीनंतर हप्त्यांवर घेतलेला डिजिटल पियानो. दर रविवारी पुण्याला, कॅम्पात सरांकडे क्लास. शिक्रापूर आणि वाघोलीचं ट्रॅफिक धरून एका बाजूला अडीच तास. कानात इअरफोन.

*

माझुर्का म्हणजे पोलंडच्या माझोव्हिया भागातला खेड्यातला नाच. शोपाँ त्याच भागात, १८१० साली जन्मला. १८२४ आणि १८२५ च्या उन्हाळ्यात तो शाफार्निया नावाच्या खेड्यात सुट्टीला गेला होता. तिथून तो घरच्यांना पत्रं न लिहिता खोटंखोटं वर्तमानपत्र लिहून पाठवायचा, ‘शाफार्निया कुरिअर’ नावाचं. कोंबड्या-बदकांच्या बातम्या आणि गावातल्या गाण्यांबद्दलच्या गमती त्यात असायच्या. १४-१५ वर्षांचा पोरगा. हे वाचलं तेव्हा तो मला पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

१८३० च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं वॉर्सा सोडलं. काही आठवड्यांतच तिथं रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि शोपाँ पुन्हा कधीच मायदेशी गेला नाही. पॅरिसमध्ये राहून १८४९ साली मरेपर्यंत तो माझुर्का लिहीत राहिला. पन्नासहून जास्त.

माझा पीस म्हणजे ओपस १७ मधला चौथा, ए मायनरमधला. १८३४ साली छापला गेला, म्हणजे लिहिला तेव्हा शोपाँ साधारण माझ्याच वयाचा होता. डावा हात बहुतेक वेळ एक-दोन-तीन असा साधा ठेका धरतो आणि त्यातले सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली घसरत जातात. वर उजवा हात गातो. मध्येच इतके बारीक सूर येतात की ते मोजून बसवताच येत नाहीत.

यूट्यूबवर हा पीस ऐकायला लागले आणि चक्रावले. पोलंडमध्येच जन्मलेल्या रुबिनस्टाइननं शोपाँचे माझुर्का आयुष्यात तीनदा रेकॉर्ड केले. तो वाजवतो ते सरळ, बोलल्यासारखं. होरोविट्झ म्हातारपणी वाजवतो तेव्हा वाटतं, त्याला मध्येच काहीतरी आठवलंय. मग इग्नाझ फ्रीडमन सापडला. त्याची १९३० च्या सुमाराची माझुर्काची रेकॉर्डिंग्ज ऐकली तर तीन मात्रा सारख्या लांबीच्याच नाहीत. दुसरी मात्रा लवकर येते, तिसरी रेंगाळते, आणि तरी नाचावंसं वाटतं.

याचा अर्थ मी असा काढला की इथं काहीही चालतं. ज्याची त्याची भावना.

सर म्हणाले होते, "परीक्षेत जपून वाजव." मी वाद घातला. मला माझा शोपाँ वाजवायचा होता. मिसच्या घरातली संध्याकाळ, मालगाडी, घुमणाऱ्या तारा हे सगळं मला त्यात आणायचं होतं. जिथं गळा दाटून यायचा तिथं मी थांबायचे. आणि माझा गळा बऱ्याच ठिकाणी दाटून यायचा.

*

निकालानंतर मी सरांना एक लांबलचक मेसेज पाठवला. त्यात मायरबेअरचा किस्सा होता. शोपाँचा शिष्य लेन्झ यानं तो लिहून ठेवलाय. लेन्झ शोपाँसमोर एक माझुर्का वाजवत असताना मायरबेअर हा त्या काळचा फार मोठा ऑपेरा-संगीतकार आत आला. ऐकून म्हणाला, हे तर दोन मात्रांचं आहे. शोपाँ भडकला. स्वतः वाजवून दाखवलं, मोठ्यानं मोजलं, पाय आपटले. मायरबेअर आपल्या म्हणण्यावर ठाम. चार्ल्स हाले नावाच्या पियानिस्टलाही शोपाँचं वाजवणं तीनऐवजी चार मात्रांचं वाटलं होतं. त्याला मात्र शोपाँनं नंतर हसून सांगितलं की ही त्या नाचाचीच खोड आहे.

खाली मी लिहिलं, ‘सर, शोपाँलाही लोक हेच म्हणाले होते.’

दोन तासांनी उत्तर आलं. ‘शोपाँनं मोजून दाखवलं होतं. तू मोजून दाखव.’

राग आला. पण मोबाइलवरचं माझं रेकॉर्डिंग लावलं आणि टेबलावर बोटानं मोजायला लागले. एक-दोन-तीन. एक-दोन... सहाव्या ओळीला हरवले. परत लावलं. परत हरवले. परीक्षकांना जे कळलं नव्हतं, ते मलाही कळत नव्हतं. आणि वाजवणारी मीच होते.

शोपाँचा दुसरा एक शिष्य मिकुली सांगतो की त्याच्या पियानोवरून मेट्रोनोम कधी हलायचा नाही. डावा हात वेळ सांभाळणार आणि उजवा त्यावर मोकळा, असं तो शिकवायचा. हे मी पूर्वीही वाचलं होतं. तेव्हा फक्त मोकळा हा शब्द लक्षात राहिला होता.

*

त्या आठवड्यात मी दौंडला गेले. शिरूरहून न्हावरे, मग पारगावचा भीमेवरचा पूल, मग चौफुला. उसाची शेतं, गुऱ्हाळांचा धूर. चौफुल्याला गाडी बदलायची होती. तिथं संगीत बारीची कला केंद्रं आहेत. दुपारची वेळ, कुणीतरी आत रियाज करत होतं. पेटी, ढोलकी आणि बाईचा आवाज. संथ चालीची लावणी होती. समेच्या अलीकडे तिनं शब्द असा धरून ठेवला की मला वाटलं, आता चुकणार. ढोलकी मात्र आपली चालूच. शेवटच्या क्षणी ती अलगद समेवर येऊन बसली. मी स्टँडवर उभी राहून बोटांवर मोजत होते. एकही मात्रा कमी-जास्त झाली नव्हती.

आबांना आता जरा कमी ऐकू येतं. रात्री जेवण झाल्यावर मी नापास झाल्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोबाइलवर हाय का ते? लाव."

कानाशी धरून त्यांनी सगळं ऐकलं. आबा मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात.

"ह्यात हे चाललंय का थांबलंय?"

"आबा, तिथं मी मुद्दाम वेळ घेते. त्याला रुबातो म्हणतात. म्हणजे चोरलेला वेळ."

"घे की. पण कुठंबी घेतीयास तू."

मी गप्प बसले. आबा म्हणाले, "गाणारा हिंडू दे की गावभर. पखवाजानं घर सोडायचं नाही. तुझा पखवाजच हिंडायला लागलाय."

मग ते रुळांवर आले. आबांचं कुठलंही बोलणं शेवटी रुळांवर येतं. रोज पाच-सहा किलोमीटरची बीट चालायची, खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके. ढिली झालेली चावी ठोकायची, फिशप्लेटचा बोल्ट बघायचा. हातोड्याच्या आवाजावरून चावी घट्ट आहे की ढिली ते कळायचं.

"तेरा मीटरचा एक रूळ. दोन रुळांच्या मधी फट ठेवायची. उन्हाळ्यात लोखंड वाढतं. फट ठेवली न्हाई तर रूळ सापासारखा वाकतो, मग गाडी खाली. पण फट जास्त झाली तर चाक आपटतं, सांधा खचतो. किती फट, ते ठरलेलं असतं. आन फट सांध्यालाच ठेवत्यात. रुळाच्या मधीच कुणी कापत न्हाई."

"आता तर वेल्डिंग करतात ना, आबा?"

"करत्यात. लांबच्या लांब जोडत्यात. मधला रूळ स्लीपरला जखडलेला, तो हलत न्हाई. पण टोकाला सांधा लागतोच. तिथंच तो हलतो."

त्यांना संगीतावर काही सुचवायचं नव्हतं. ते रुळांबद्दलच बोलत होते. थोड्या वेळानं झोपायला गेले. मी मात्र मिसचं पुस्तक घेऊन बसले. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी जिथं जिथं थांबले होते तिथं पेन्सिलनं खूण केली. अठ्ठावीस खुणा झाल्या. मग दुसऱ्या रंगानं सांधे शोधले. कुठं एक वाक्य संपून दुसरं सुरू होतं, कुठं सूर मायनरमधून मेजरकडे वळतात, कुठं जुनी ओळ पुन्हा येते. अठ्ठावीसपैकी फक्त नऊ खुणा सांध्यांवर होत्या. बाकीच्या रुळाच्या मध्येच.

*

पुढचे दीड महिने मी फक्त डावा हात वाजवला. मम्मी वैतागली. म्हणाली, "दुसरा हात मोडलाय का तुझा?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही तो ठेका पाठ झाला. डावा हात एकटा वाजवला की लपायला जागा राहत नाही. शेवटी तो इतका पक्का झाला की मी वाजवता वाजवता मम्मीशी भाजीच्या भावाबद्दल बोलू शकत होते. मग उजवा हात वर ठेवला.

गंमत म्हणजे आता उजव्या हाताला जास्त मोकळीक मिळाली. पूर्वी उजवा थांबला की डावाही थांबायचा, म्हणून थांबणं जाणवायचंच नाही, नुसतं अडखळणं जाणवायचं. आता डावा पुढे जातोय आणि उजवा मागे रेंगाळतोय, हे ऐकू येऊ लागलं. चौफुल्याच्या बाईसारखं. नऊ सांध्यांवर मात्र दोन्ही हात मिळून श्वास घेतात, प्रत्येक ठिकाणी वेगळा, पण ठरवलेला.

अजून एक गोष्ट बदलली. मधल्या भागात पीस ए मेजरमध्ये जातो आणि डावा हात ए आणि ई हे दोन सूर धरून बसतो. ए ला सा धरलं तर सा आणि प. तानपुराच. मला सुरुवातीला याचा इतका आनंद झाला होता की मी त्यात मींडीसारखे जास्तीचे सूर घुसवले होते. ते काढून टाकले. तो तानपुरा नाही, हे आता मला माहीत आहे. पोलंडच्या खेड्यातल्या वाद्यांचा तो धरलेला सूर आहे, त्याला स्वतःचं गाव आहे. पण माझे कान देवळातल्या भजनात वाढलेत, म्हणून तो सूर मला भरीचा वाटत नाही, पाया वाटतो. पुष्कळ जण तिथं घाई करतात. मी करत नाही. माझ्या वाजवण्यात दौंड असेल तर ते एवढंच. ते बाहेरून चिकटवलेलं नाही, म्हणून टिकेल असं वाटतं.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली. फीचे निम्मे पैसे माझे होते. शिरूरमध्ये मी आता सहा मुलांना कीबोर्ड शिकवते. परीक्षक वेगळे होते. पास झाले, फार नाही पण व्यवस्थित गुणांनी. माझुर्काखाली शेरा होता: ताल भक्कम. इथे थोडं अधिक स्वातंत्र्य घेता आलं असतं.

सरांना फोन केला. दोघंही बराच वेळ हसलो. मग सर म्हणाले, "आता फट किती ठेवायची हे तुझं तूच ठरव." मी त्यांना रुळांचं सांगितलं होतं.

*

दिवाळीला आबा शिरूरला आले. पाडव्याच्या संध्याकाळी मी त्यांना पीस वाजवून दाखवला. ते पियानोच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले होते.

या पीसचा शेवट विचित्र आहे. सुरुवातीचेच चार बार परत येतात आणि सगळं एफ, ए, सी या सुरांवर लोंबकळत राहतं. घरी, म्हणजे ए मायनरवर, ते येतच नाही. शेवटी विरत जाण्याची सूचना लिहिलेली आहे. मी तिथं नेहमी हळू हळू करत जायचे, जवळजवळ थांबतच. दुःखी वाटावं म्हणून.

वाजवून झाल्यावर आबा वाट बघत राहिले.

"झालं?"

"हो."

"समेवर आलं न्हाई."

"त्यानं तसंच सोडलंय, आबा."

आबांनी मान डोलावली. जरा वेळानं म्हणाले, "गाडी गेल्यावानी. आम्ही बाजूला उभं राहायचो. गाडी जाती, आवाज लांब लांब जातो. कुठं संपला ते सांगता येत न्हाई." मग चहा कुठाय म्हणून आत गेले.

मी पियानोवरच बसून राहिले. लांब जाणारी गाडी हळू होत नाही. तिचा वेग तोच असतो, फक्त आवाज कमी होतो.

शेवटचे चार बार पुन्हा वाजवले. या वेळी लय अजिबात सोडली नाही. फक्त आवाज कमी करत नेला, शेवटच्या सुरापर्यंत.

सरांना हे अजून ऐकवलेलं नाही. रविवारी ऐकवणार आहे. ते कदाचित नाही म्हणतील. म्हणाले तर मी मोजून दाखवीन.